पातं गप्प होईपर्यंत

मिस्त्रीण सकाळपासून गुडघ्यांवर होती. भिंतीच्या पायथ्याला लाकडी पट्टी बसली की तिच्या खिळ्यांची भोकं बुजवायची, सांध्यात पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचा हात फिरवायचा, हे तिचं काम. गुडघ्यांखाली घ्यायला स्पंजाचा एक तुकडा होता, पण त्यातला जीव केव्हाच गेला होता, आणि गुडघ्यांतलाही. एक कोपरा संपवून दुसऱ्याकडे जाताना ती आता उठतही नसे. उठून पुन्हा बसण्यापेक्षा सरकत गेलेलं बरं. लहान मूल रांगायला लागलं तर घरादाराला कौतुक, आणि या वयात रांगलं तर कोणी ढुंकूनही बघत नाही, असं ती स्वतःशीच म्हणे.

पण आता थोडेच दिवस राहिले होते. हे शेवटचं घर होतं.

तसं ठरलंच होतं. हे काम धरलं त्या सुमाराला एका संध्याकाळी भांडी घासता घासता ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, हे एवढं घर झालं की पुरे करू या. माझे गुडघे आता नाही म्हणतात. लेक आपल्या घरी सुखात आहे, मुलगा आपल्या पायावर उभा आहे. आता कोणासाठी मरमर करायची?" मिस्त्री तिच्या पाठीमागे टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होता. तो म्हणाला, "हो." एवढंच. त्यात 'बघू' नाही, 'पण' नाही, कपाळाला आठी नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्याने एका दमात तिचं ऐकलं होतं. आनंदाच्या भरात तिने घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

त्या एका 'हो'वर तिने हे अख्खं घर रेटलं होतं. कंबर धरली की ती मनात म्हणे, हे शेवटचं. रंगाचा डबा जिन्यावरून वर न्यायचा तर म्हणे, हे शेवटचं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक खुर्ची ठेवायची आणि नुसतं बसायचं, एवढीच तिची पुढची योजना होती. बसून काय करणार, असं लेकीने फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बसणार. तेच करणार."

शेजारच्या खोलीत मिस्त्रीचं पट्ट्या कापायचं मशीन ओरडलं. पट्टी कापली गेली, मशीनचा सूर उतरला, आणि मध्येच 'टक्' असा आवाज झाला. मिस्त्रिणीने कपाळाला हात लावला. म्हणजे तिथेही पुट्टी भरणं आलं.

हे टक् प्रकरण गेल्या काही महिन्यांतलं. एरवी मिस्त्रीचा सांधा म्हणजे त्यात केस जायचा नाही. दोन पट्ट्या कोपऱ्यात अशा मिटायच्या की झाड मुळातच काटकोनात उगवलं असावं. मिस्त्रिणीला तिथे काही करायलाच नसे, नुसतं बोट फिरवायची आणि पुढे सरकायची. बायकांच्यात बसली की ती आपल्या नवऱ्याच्या हजार खोडी सांगे, पण सांध्याला कोणी नाव ठेवलेलं तिला खपत नसे. आणि आता त्याच सांध्यांच्या कडा उडालेल्या. कुठे कपचीएवढा तुकडा गेलेला, कुठे धारेला कुरतडल्यासारखं झालेलं. पुट्टी भरून भरून तिचा अंगठा सोलवटला होता.

"अहो, पातं बोथट झालंय, बदला," असं तिने दहादा सांगितलं असेल. मिस्त्री म्हणे, "हो." आणि बदलत काही नसे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनेच दुकानात जाऊन बारीक दातांचं नवं पातं आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं. तेव्हा त्याने ते लावलं, खूशही झाला. टक् मात्र थांबलं नाही.

दुपारी ठेकेदार आला. माणूस जिभेने गोड, पायाला भिंगरी, आणि धुळीची धास्ती एवढी की तोंडाला बांधलेलं फडकं तो जेवतानाच सोडत असावा. दारातूनच म्हणाला, "काकू, छान चाललंय. बरं, नदीपलीकडच्या त्या घराचं माप घ्यायला सोमवारी येताय ना दोघं?"

"कुठलं घर?"

"काकांनी सांगितलं नाही? मोठं घर आहे, खाली-वर मिळून भरपूर काम. मागच्या आठवड्यातच विचारलं मी काकांना. हो म्हणाले की."

मिस्त्रीण गुडघ्यांवर होती तशीच राहिली. मग तिने पुट्टी भरायचा पत्रा डब्यात टाकला, भिंतीला हात देऊन उठली आणि शेजारच्या खोलीकडे निघाली. ठेकेदार शहाणा होता, तो जिना चढून वरच्या मजल्यावरची फरशी बघायला गेला.

आज ती त्याला सोडणार नव्हती. तोंडावर हो म्हणायचं आणि मागे दुसरं घर धरायचं? एवढी वर्षं संसार केला तो असल्या दगाबाजासाठी? खोलीत पोहोचेपर्यंत तिने पहिली चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

मिस्त्री दाराकडे पाठ करून मशीनशी उभा होता. ओट्याच्या उंचीच्या घोडीवर ते बसवलेलं, दोन्ही बाजूंना लांब पट्टी टेकायला फळ्या. मशीन जुनंच, पण गुणी. पातं डावी-उजवीकडे फिरायचं, शिवाय अंगानेही झुकायचं, त्यामुळे छताच्या पट्टीचा अवघड कोनसुद्धा एका घावात निघे. फक्त ब्रेक नव्हता. बटण सोडलं तरी पातं आपल्या मर्जीने फिरत राही आणि मर्जीनेच थांबे.

मिस्त्रीने पट्टी मागच्या आधाराला घट्ट लावली. डावा हात पात्यापासून वीतभर लांब. बटण दाबलं, पात्याला पूर्ण वेग येऊ दिला, आणि मग लोण्यात सुरी घालावी तसं सावकाश खाली आणलं. मिस्त्रीण दारात थांबली. चालत्या मशीनवरच्या माणसाशी भांडायचं नाही, एवढं तिलाही कळत होतं. हे सगळं त्यानेच तर तिला शिकवलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा हाताशी घेतलं तेव्हा. पट्टी कापून झाली की बटण सोड, पण पातं खालीच दाबून धर. ते गप्प होईपर्यंत सगळं जागच्या जागी, हात जागच्या जागी, पट्टी जागच्या जागी, आणि तूही. फिरतं पातं वर उचललंस तर जाता जाता ते कडेचा लचका तोडतं. आणि फिरत्या पात्यापाशी बोट नेलंस तर कशाचा तोडेल ते सांगायला नको.

त्याने बटण सोडलं. सूर उतरायला लागला, पण पातं अजून चांगलंच फिरत होतं. आणि मिस्त्रीने ते वर उचललं. टक्. कडेची कपची उडून खाली पडली.

असं आहे तर, मिस्त्रीण मनात म्हणाली. घाई. म्हातारपणी घाई सुटली याला.

त्याने लगेच दुसरा तुकडा लावला. हा अगदी लहान, बोटभर, पट्टीचं उघडं टोक मिटवायला लागतो तसला. पातं खाली आलं, तुकडा सुटा झाला आणि पातं नि आधार यांच्यामध्ये अडकून राहिला. बटण सुटलं. पातं अजून खालीच होतं, त्यामुळे त्याच्यावरचं झाकण उघडं होतं, आणि ते किणकिणत फिरत होतं. मिस्त्रीने डावा हात पुढे केला. तो तुकडा उचलायला, सहज, टेबलावरचा पेला उचलावा तसा.

"अहो!" ती ओरडली. अशी ओरडली की वरच्या मजल्यावर ठेकेदाराच्या बुटांचा आवाज थांबला.

मिस्त्रीची मानही हलली नाही. हात पुढे जातच राहिला.

वायर ओढून काही उपयोग नव्हता, बटण आधीच बंद होतं, पातं स्वतःच्या जोरावर फिरत होतं. मागून हात धरावा तर तो दचकून तिथेच पडायचा. करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती तशीच उभी राहिली. पात्याने तो तुकडा पकडला आणि खाडकन समोरच्या भिंतीवर भिरकावला. मिस्त्रीने बोटं झटकली. बोटं होती, सगळी. त्याने मशीनकडे बघितलं, गरीब कुत्रं उगाच अंगावर आल्यावर माणूस बघतो तसं, चकित होऊन.

मिस्त्रिणीला आधी श्वास घेता आला नाही, मग आला तो हुंदक्यासारखा. आणि त्या दोन श्वासांच्या मध्ये तिला सगळं कळलं.

ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. धुळीसाठी तिनेही तोंडाला फडकं बांधलं होतं, ते तसंच राहू दिलं.

"अगं, केव्हा आलीस?" तो म्हणाला.

फडक्याआडून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या डोक्यावर कावळ्याने घरटं केलंय."

मिस्त्रीने मान डोलावली. "हो. हातातलं झालं की करतो."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम येऊन काहीच धड बाहेर पडलं नाही. तिने फडकं खाली ओढलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," ती सावकाश म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. किती दिवसांपासून तो असं ओठांकडे बघत असेल, आणि तिला वाटे, बघतोय म्हणजे लक्ष देतोय. "येतं की," तो म्हणाला. "थोडं कमी येतं. धूळ जाते ना कानात."

"आणि मशीनचं?"

"मशीनचं कळतं. चालू झालं की हाताला थरथरतं. बंद केलं की गप्प होतं." मग जरा फुशारकीने म्हणाला, "हे पातं चांगलं आणलंस तू. आवाज म्हणून नाही. जुनं किती वेळ कुरकुरत राहायचं."

मिस्त्रिणीने वाद घातला नाही. त्याला खांद्याला धरून मशीनपासून दोन पावलं मागे उभं केलं, स्वतः दांडा धरला, पट्टी-बिट्टी काही न लावता बटण दाबलं आणि सोडलं. मग मोकळ्या हाताने आधी आपल्या डोळ्याकडे आणि मग पात्याकडे बोट केलं. कानाने नाही, डोळ्यांनी बघा.

तो बघत राहिला. त्याच्या लेखी खोली केव्हाच शांत झाली होती. आणि पात्याचे दात अजून दिसत नव्हते, नुसती एक करडी चकती गरगरत होती. बराच वेळ गेला. मग चकतीतून दात सुटे दिसायला लागले, रेंगाळले, आणि थांबले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने डावा हात उचलून काखेत दडवला, जसा काही तो आत्ता कोणी मागणार होतं.

तिने वायर ओढून काढली, आणि दोघं कापलेल्या पट्ट्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. तिला वाटलं होतं आपण भांडू. पण भांडणार कोणाशी? इतकी वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती तो घुम्या, आपमतलबी, ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस मुळात तिथे नव्हताच. नवरा बहिरा झालेला बायकोला सगळ्यांत शेवटी कळतं, कारण नवऱ्याने ऐकलं नाही यात नवल ते काय! तिला तिची आई गेली तो महिना आठवला. दिवा मालवल्यावर ती अंधारात त्याच्याशी बोलायची, आईचं काहीबाही आठवून, आणि तो एक अक्षर बोलायचा नाही. ते तिने फार मनाला लावून घेतलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. अंधारात त्याला ओठ कसे दिसणार होते?

तिने त्याची बाही ओढून त्याला आपल्याकडे वळवलं. "ठेकेदाराला हो का म्हणालात?"

"कशाला?"

"नदीपलीकडच्या घराला."

"मी?" तो खराखुरा गोंधळला. "तो काहीतरी बोलत होता खरा. तोंडाला फडकं बांधून बोलतो, मेला."

"आणि मला? हे शेवटचं घर म्हटलं तेव्हा हो म्हणालात ते?"

"केव्हा?"

ते 'केव्हा' तिच्या वर्मी लागलं. एवढ्या जिन्यांवरून एवढे डबे तिने ज्या शब्दाच्या जोरावर चढवले, तो शब्द कोणी दिलाच नव्हता.

"अहो, ऐकू आलं नाही तर हो कशाला म्हणायचं माणसाने?"

मिस्त्री जमिनीकडे बघत होता, म्हणून तिने त्याची हनुवटी धरून वर केली आणि पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "नाही म्हटलं की लोक कारण विचारतात. मग ते ऐकावं लागतं. हो म्हटलं की निघून जातात."

ती त्याच्या अगदी समोर सरकली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. "मी थकले आहे," ती म्हणाली. एकेक शब्द तोडून, गळा न फाडता. "मला आता होत नाही. हे घर शेवटचं." तो मान डोलवायला लागला तशी तिने हात वर केला. "हो म्हणू नका. मी काय म्हणाले ते सांगा."

त्याने ओठ ओले केले. "तू थकलीस," तो म्हणाला. "तुला होत नाही." मग जरा थांबून, "हे घर शेवटचं."

लोक एकमेकांना प्रेमाने काय काय म्हणतात. पण आपलं बोलणं नवऱ्याच्या तोंडून जसंच्या तसं परत येताना ऐकून मिस्त्रिणीला जे झालं ते तिला आजवर कशानेच झालं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, तर पदरावरची पुट्टी डोळ्यात गेली.

"मी घरी बसून काय करू?" मिस्त्री म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, खरंच विचारत होता. "इथे बरं असतं. मशीन चालू असलं की कोणालाच ऐकू येत नाही. सगळे खुणा करतात, ओरडतात. इथे सगळेच बहिरे. घरी मी एकटाच."

"मी असते की घरात."

"असतेस. बोलतही असतेस. पण पाठमोरी असतेस. ओट्याशी, मोरीशी."

"लेक म्हणेल कानाचं मशीन लावा."

"लावू. पण तिच्या सासऱ्यांनी लावलंय, ते म्हणतात भांडं पडलं तर वीज कोसळल्यासारखी वाटते आणि माणूस बोलला तर काही कळत नाही."

"तरी लावायचं. आणि तोवर मी समोर येऊन बोलेन," ती म्हणाली. बोलून गेली.

ठेकेदार जिना उतरताना दारातून दिसला. मिस्त्री उठला. "तूच सांग त्याला," तो म्हणाला, "तो काय म्हणेल ते मला कळायचं नाही."

"नाही म्हणायला कान लागत नाहीत. जा."

तो गेला. ती दारातून बघत राहिली. मिस्त्रीने ठेकेदाराला काहीतरी सांगितलं, ठेकेदार हात उडवत बोलायला लागला, मोठं घर, चांगले लोक, असं काय करता काका. मिस्त्री त्याच्या फडक्याकडे बघत उभा होता. ती मनात म्हणत होती, आता मान डोलावेल, आता हो म्हणेल आणि सुटेल. एवढ्यात मिस्त्रीने ठेकेदाराच्या तोंडासमोर हात आडवा धरला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, त्यामुळे ते सगळ्या घराला ऐकू गेलं. वर फरशी घासणाऱ्या गड्यांनाही गेलं. ठेकेदाराने पहिल्यांदाच तोंडावरचं फडकं खाली केलं, आणि मग ते पुन्हा वर केलं.

ती आपल्या खोलीत परतली. अजून दोन भिंती उरल्या होत्या. स्पंजाचा तुकडा पायाने ओढून घेतला, भिंत धरून हळूहळू खाली बसली, उजवा गुडघा, मग डावा, आणि सांध्यात पुट्टी भरायला लागली. आता खरोखरच शेवटचं घर. खिडकी, खुर्ची, आणि नुसतं बसणं. बसल्या बसल्या काय म्हणायची ती, पाऊस येईलसं वाटतं, दूध तापत ठेवलंय, ऐकलं का. ऐकलं का म्हटल्यावर तिचा हात थांबला. यातला एकही शब्द आता बसून म्हणता येणार नव्हता. दूध तापत ठेवलंय म्हणायचं तर उठायचं, तो असेल तिथे जायचं, समोर उभं राहायचं, मग म्हणायचं. साधं 'जेवायला चला' म्हणायचं तरी उठायचं. जन्मभर ती जागेवरून बोलत आली होती, आणि आता जरा टेकायची वेळ आली तर एकेका शब्दाला उठणं आलं. तिला इतका थकवा आला की तिने कपाळ भिंतीला टेकलं.

"अगं!" शेजारच्या खोलीतून मिस्त्रीची हाक आली, नको तेवढी मोठी. "ही दाराची पट्टी तू कापतेस ना? मी खूण करून ठेवलीय. मशीनला हात लावत नाही मी."

"हो!" तिने बसल्या जागेवरून सांगितलं.

पलीकडे काहीच हालचाल झाली नाही. तो उत्तराची वाट बघत असणार, दाराकडे तोंड करून.

मिस्त्रिणीने पत्रा खाली ठेवला, एक हात भिंतीवर टेकला, एक गुडघ्यावर, आणि कण्हत उठली.